पुढच्या दारानं आलेली बाई

१

बजाजनगरातली रात्रपाळी आटोपून करुणा घरी न जाता झेंडूचा हार घेऊन सरळ चौकात आली. सकाळचे आठ वाजले होते, आणि ओट्यावर दगड नव्हता. ओल्या सिमेंटात त्याच्या बुडाचा ठसा तेवढा होता, परातीतून भाकर उचलल्यावर पिठात राहतो तसा.

साधा धोंडा नव्हता तो. अडीच फूट उंच, दोन फूट रुंद, तीन इंच जाड काळा पाषाण. आदल्या संध्याकाळी सांडू पाथरवटानं तीन गडी लावून तो पाण्याच्या टाकीच्या भिंतीसमोर उभा केला होता, वर पांढरं कापड बांधलं होतं आणि "उद्या चारपर्यंत हात लावू नका, मसाला कच्चा हाय," असं बजावून गेला होता. चारला अनावरण होतं. दौलताबाद रस्त्यावर, पडेगावच्या अलीकडच्या आमच्या या चौकाला आवडाबाई सुईणीचं नाव मिळायचं होतं.

करुणा तिची नात. तीन वर्षं पोरगी महापालिकेच्या पायऱ्या चढली. आधी तर आजीचं नावच कुणाला ठाऊक नव्हतं. सगळी वस्ती तिला 'रामकिसनची माय' म्हणायची. रामकिसन म्हणजे करुणाचे वडील, नावाजलेले पहिलवान. शेवटी जन्मनोंदीच्या एका जुन्या वहीत, शाईच्या अंगठ्याशेजारी करुणाला ते नाव सापडलं आणि तिनं ठराव मंजूर करून घेतला.

आता घोळ असा की संध्याकाळी पाचला निवडणुकीची आचारसंहिता लागणार अशी पक्की बातमी होती. एकदा ती लागली की अनावरण बंद. मग निवडणूक, मग नवे लोक, मग नवा ठराव. तिकडं मोठ्या घरच्या नानासाहेबांनी स्वतःच्या वडिलांच्या नावाचा पत्र्याचा फलक रंगवून तयार ठेवला होताच.

मी मोतीराम. चौकात माझं पंक्चरचं दुकान आहे. खोटं मी बोलत नाही. खऱ्याला जरा दूधतूप खाऊ घालतो, एवढंच. पण आवडाबाईच्या गोष्टीला दूधतूप लागत नाही. पन्नासच्या सालातली गोष्ट. नानासाहेबांच्या आईला कळा लागल्या आणि आवडाबाईला बोलावणं आलं. वस्तीतली सुईण, म्हणून मोठ्या घरात मागच्या दारानं यायचं आणि काम झालं की गोठ्यातून निघून जायचं, असा रिवाज. ती गेली आणि पुढच्या पायरीवर बसली. म्हणाली, "लेकरू पुढच्या दारानं जगात येतंय, मी मागल्या दारानं का येऊ?" एक तास बसली. आतून बाळंतिणीनंच ओरडून नवऱ्याला सांगितलं, दार उघडा. दार उघडलं. पुढच्या दारानं गेली, पुढच्या दारानं आली, आणि मधल्या वेळात नानासाहेब जन्मले. त्यानंतर साठ गावांत तिला कुणी मागचं दार दाखवलं नाही. साठ म्हणजे, दहा तरी.

करुणा ओट्याकडं बघत उभी होती. रडली नाही. हार माझ्या दुकानाच्या खिळ्याला अडकवला आणि म्हणाली, "मोतीकाका, रत्नामावशीला फोन लावा."

२

रत्नमालाबाई एसटीतून निवृत्त झालेल्या कंडक्टर. कन्नडच्या गाडीवर तीस वर्षं काढली. एकदा म्हणे घाटात गाडी थांबवून त्यांनी सांगितलं, "छप्पन माणसं, पंचावन्न तिकिटं, आणि एक कोंबडी शिटाखाली." कोंबडी खरंच निघाली. माणूस कोंबडीवाल्याच्या घोंगडीत होता.

त्या आल्या, आणि ओट्याला हात न लावता नुसत्या वाकून बघत राहिल्या.

"मेण हाय इथं," त्या म्हणाल्या. ओट्याच्या पुढच्या कडेवर मेणाचे तीन गोल थेंब होते, जवळजवळ, एका ओळीत. "आणि झाडलंय. सिमेंटचा चुरा पडला असंल, तो कुणीतरी झाडून घेतलाय."

"चोर टापटिपीचा दिसतोय," मी म्हणालो.

"मोतीरामभाऊ, दुकान किती वाजता उघडलं?"

"सहा-सव्वासहाला."

"मग काय बघितलं?"

त्या माझ्या दुकानाच्या पायरीवर टेकल्या. पायरी म्हणजे वस्तीतल्या म्हाताऱ्या पारूबाईचा जुना पाटा. सात वर्षांपूर्वी तिच्या घरी मिक्सर आला, तेव्हा तिनं तो बाहेर काढला आणि मी उचलून आणला.

"काय बघणार? वस्तीत कुणीच नव्हतं," मी सांगितलं. "पहाटे साडेपाचला तीन जीपा भरून सगळे कन्नडला गेले, साखरपुड्याला. माझा गुडघा धरलाय म्हणून मी राहिलो. ओट्याकडं काय बघितलं नाय मी, पण रस्ता मोकळा. टेम्पो नाय, ट्रॅक्टर नाय. दगड न्यायला गाडी लागली असती, ती आली असती तर मला दिसली असती."

"कुणीच नव्हतं?"

"कुणीच नाय. नळावर बाया होत्या, बस. दसरा चार दिवसांवर आलाय, त्या गोधड्या धुवायला काढत होत्या. अंगणवाडीच्या सुरेखाबाईनं बाजेवर हा एवढा ढीग रचला होता. आठजणी बाज उचलून खदानीकडं निघाल्या. गटारापाशी अडल्या, तर मीच खांदा दिला. बाई, ती गोधडी होती का हत्ती? गुडघा तिथंच बोलला माझा."

रत्नमालाबाईंनी अंगठा बोटांच्या पेरांवरून फिरवला. माणसं मोजायची त्यांची जुनी सवय.

"तुमच्या गुडघ्याला विचारायला पायजे," त्या म्हणाल्या. "तुमच्यापेक्षा त्याला जास्त ठाऊक दिसतंय."

मला राग आला. पण त्या उठून चालायलाही लागल्या होत्या, नानासाहेबांच्या घराकडं.

३

नानासाहेब पंचाहत्तरीचे. मिशा अशा की वारा सुटला तर एक पडेगावात आणि एक दौलताबादेत. ओसरीवर वर्तमानपत्र वाचत बसले होते. भिंतीला टेकवलेला पत्र्याचा फलक आम्हाला दिसावा असाच ठेवला होता.

"या बाई. मला ठाऊक होतं, पयलं माझ्याच दारात याल."

"दार नवं दिसतंय," रत्नमालाबाई म्हणाल्या.

"मागच्या साली बदललं. सागवानी हाय."

"जुनं काय केलं?"

नानासाहेबांनी वर्तमानपत्राची घडी घातली. "तुम्ही दगड शोधताय का दार? ऐका. तो चौक माझ्या वडिलांच्या जमिनीतून निघालाय. त्यांचं नाव लागावं असं मला वाटतं, ते मी चारचौघांत सांगतो. चोरून नाय. आणि माझी दोन्ही पोरं, तिन्ही गडी कन्नडला हाईत. मी एकटा म्हातारा दगड डोक्यावर घेऊन पळालो का?"

"सकाळी रस्त्यानं कुणी गेलं का?"

"कुणीच नाय. मी साडेसहापासून इथंच बसलोय. खदानीकडं बाया गेल्या गोधड्या घेऊन, तेवढंच."

"तुमच्या आईनं तुम्हाला त्या सुईणीचं कधी सांगितलं व्हतं?"

त्यांनी मिशीला पीळ दिला. मग म्हणाले, "चारला मी ट्रॅक्टर घेऊन चौकात येणार. दगड असला तर परत जाईन. नसला तर पत्रा ठोकणार. सांगून ठेवतो."

बाहेर पडताना करुणा म्हणाली, "यांनीच नेलाय."

"यांनी नेला असता तर मेणबत्ती कशाला लावली असती?" रत्नमालाबाई म्हणाल्या. "आजकाल चोराच्या खिशात बी मोबाईलची बॅटरी असती."

४

सांडूचं दुकान रस्त्याच्या पलीकडं, जिथं देव, कबरींचे दगड आणि किलोमीटरचे दगड एका रांगेत उभे असतात. तो आम्हाला बघून आत जायला निघाला, पण रत्नमालाबाई दारातच उभ्या राहिल्या. गर्दीच्या गाडीत त्या दारात उभ्या राहिल्या की उतरणाराला थांबावंच लागायचं.

"मी काय बी केलं नाय," सांडू म्हणाला. "मला कागद दिला, तसं कोरलं."

"कुणी दिला? करुणानं?"

सांडूनं करुणाकडं बघितलं आणि मान खाली घातली.

"मी ठरावाची प्रत शिवराजभाऊंकडं दिली होती," करुणा म्हणाली. "ते म्हणाले, कोरायचं मी बघतो."

शिवराज माजी नगरसेवक. ठराव पुढं सरकवला तो त्यांनीच, हे खरं.

"सांडू, ओळी किती कोरल्या?"

"चौदा."

"चौदा?" करुणा म्हणाली. "ठरावात एकच ओळ आहे."

"बाईचं नाव कितव्या ओळीत?" रत्नमालाबाईंनी विचारलं.

सांडूनं हात लांब करून दगड कापायचं मशीन चालू केलं. काळी धूळ उडाली आणि त्या आवाजात पुढचं सगळं बुडालं. पण उत्तर द्यायचं नसलेल्या माणसाचं तोंड मी पुष्कळ वेळा आरशात बघितलंय.

परत येताना आम्ही वस्तीतून आलो. ऊन चांगलं तापलं होतं. कंपाउंडच्या भिंती मोकळ्या होत्या, एका भिंतीवर तेवढं मांजर झोपलं होतं. पारूबाईच्या घरातून टकटक आवाज येत होता, दगडावर टाकीच्या घावांचा.

"म्हातारी पाट्याला टाकी लावतेय," मी म्हणालो. "दसऱ्याचं वाटण."

रत्नमालाबाई थांबल्या. एकदा भिंतीकडं, एकदा त्या घराकडं बघितलं. दार आतून लावलेलं होतं.

"दार वाजवू का?" करुणा म्हणाली.

"नको. तू घरी जा, पांढरी साडी नेस आणि ठराव पिशवीत घे. साडेतीनला चौकात ये."

"दगड सापडला?"

"दगड हरवलाच नव्हता, बाई. माणसं हरवली व्हती, ती सापडली."

मला काही उमगलं नाही. पण मी मान हलवली, उमगल्यासारखी.

५

साडेतीनला चौक भरला. कन्नडहून जीपा परतल्या होत्या. शिवराज पांढऱ्या कपड्यांत, दोन पत्रकार आणि एक कॅमेरा घेऊन आले. नानासाहेबांचा ट्रॅक्टर रस्त्याच्या कडेला, ट्रॉलीत पत्रा. सांडू मागं, निंबाच्या आडोशाला.

"दगड कुठाय?" शिवराजनी विचारलं. "का पोलिसांना बोलवू?"

"बोलवा की," रत्नमालाबाई म्हणाल्या. "पण आधी मला सांगा, दगड किती माणसं लावून उचलतात? सांडू?"

"तीन गडी. चार बरे."

"आणि सकाळी वस्तीत किती माणसं व्हती? शिवराजभाऊ?"

"कुणीच नाही. सगळे माझ्याच जीपांत होते."

"नानासाहेब?"

"सांगितलं की. कुणी नव्हतं."

"मोतीरामभाऊ?"

"कुणीच नाय," मी म्हणालो, आणि म्हणतानाच माझा हात गुडघ्यावर गेला.

"मी तीस वर्षं माणसं मोजली," त्या म्हणाल्या. "मांडीवरचं लेकरू मोजलं, टपावरचा मोजला. तुम्ही तिघं शहाणे, दोघांनी तर डोळ्यांनी बाया बघितल्या, तोंडानं सांगितल्या, आणि मोजताना तिघांनी सोडल्या. सकाळी या वस्तीत चाळीस बाया व्हत्या. चाळीस बायांना शंभर किलोचा दगड म्हणजे काय? यातल्या निम्म्या रोज स्लॅबवर घमेली चढवतात."

नानासाहेबांचा हात मिशीवरच राहिला.

"ओट्यावर तीन मेणबत्त्यांचं मेण हाय. नमस्कार करायला आलेल्यांचं हाय ते. पहाटे बाया वंदनेला आल्या. दगडावरचं कापड बाजूला केलं. अंगणवाडीच्या सुरेखाबाई वाचायला लागल्या. जे वाचलं, ते ऐकून त्यांनी दगड उचलला. मसाला कच्चा व्हता, हलवला की सुटला. बाजेवर ठेवला, वर गोधड्या टाकल्या, आणि जाताना ओटा झाडला. चोर कधी झाडतो का?"

"कशावरून?" शिवराज म्हणाले. "गोधड्या धुवायला नेल्या असतील."

"मोतीरामभाऊंनी बाजेला खांदा दिला. लई जड व्हती म्हणतात. गोधडी जड कधी होती, भाऊ?"

"भिजल्यावर," मी म्हणालो. माझाच आवाज मला लांबून ऐकू आला.

"आणि तुम्ही खांदा दिला तेव्हा ती धुवायला चालली व्हती. कोरडी. शिवाय धुतलेली गोधडी दोन दिवस वाळत नाय. दुपारी मी सगळी वस्ती फिरले, एका भिंतीवर एक चिंधी नव्हती. वाळत होतं ते मांजर."

लोक हसले. त्या माझ्याकडं वळल्या.

"शेवटचं. बाज खदानीकडनं वळसा घालून जिथं गेली, त्या पारूमायच्या घरात सकाळपासून टाकी वाजतेय. पाट्याला लावतेय म्हणालात. मोतीरामभाऊ, पारूमायचा पाटा कुठाय?"

मी खाली बघितलं. मी त्याच्यावरच उभा होतो.

६

तेवढ्यात गल्लीतून बाज आली. पुढं चार, मागं चार, आणि त्यांच्या भोवती सगळ्या, पांढऱ्या साड्यांत. बाजेवर गोधड्या. पुढं पारूबाई, पंच्याऐंशीची, हातात अजून टाकी. आवडाबाईच्या हाताखाली ती सुईणपण शिकली होती.

"पारूआजी," करुणा म्हणाली, "मला का नाय सांगितलं? माझा सकाळपासून जीव गेला."

"तुझी सही हाय कागदावर. तुला कुणी विचारलं असतं तर तू खरं सांगितलं असतं. तुला खोटं येतच नाय, रामकिसनसारखीच हाय तू." पारूबाईनं माझ्याकडं बघितलं. "आणि याला सांगितलं असतं तर दौलताबादपर्यंत गेलं असतं."

बायांनी दगड उचलला, ओट्यावर नवा मसाला पसरून त्यात उभा केला. कोरलेली गुळगुळीत बाजू भिंतीकडं. पुढं आली ती पाठ, खडबडीत, जशी खाणीतून निघाली तशी. वरून पांढरं कापड टाकलं, दोरी बांधली. बायांच्या गराड्यातून पाठीवर काय कोरलंय ते मला दिसलं नाही.

"थांबा," शिवराज पुढं आले. "ही चोरी आहे. सरकारी दगडावर तुम्ही काय वाटेल ते कोरणार? मंजूर मजकूर पाहिजे."

करुणानं पिशवीतून ठराव काढला. मोठ्यानं वाचून दाखवला. "'या चौकास आवडाबाई सुईण चौक असे नाव देण्यास मंजुरी देण्यात येत आहे.' मंजूर मजकूर एवढाच आहे, शिवराजभाऊ."

"मग भिंतीकडं जे गेलंय ते कुणी मंजूर केलं?" रत्नमालाबाई म्हणाल्या.

सुरेखाबाई शांतपणे सांगायला लागल्या. रोज पंचवीस लेकरांना गप्प बसवतात त्या आवाजात. "पहिल्या ओळीत शिवराजभाऊंचे शुभहस्त. मग प्रमुख उपस्थिती, मग मार्गदर्शक, मग सौजन्य. अकरा पुरुषांची नावं. चौदाव्या ओळीत, बारीक अक्षरात, 'पहिलवान कै. रामकिसन यांच्या मातोश्रींच्या स्मरणार्थ.'"

करुणानं ठरावाचा कागद छातीशी धरला. तीन वर्षं शोधलेलं नाव.

"रामकिसनला लोक ओळखतात," शिवराज म्हणाले. "आवडाबाई कोण, हे कुणाला माहितीये? मी चौकाच्या भल्यासाठी..."

"तर मग दगड फिरवू का परत?" पारूबाईनं विचारलं. "कॅमेरा आलाच हाय. चौदाच्या चौदा ओळी टीव्हीवर दाखवू. तुम्ही सांगा, भाऊ. आम्ही चाळीस जणी हाओत, फिरवायला वेळ लागायचा नाय."

शिवराजनी कॅमेऱ्याकडं बघितलं. पत्रकारानं कॅमेरा खांद्यावर नीट घेतला. मग शिवराजनी हात जोडले, कुणाला ते कळलं नाही, आणि दोन पावलं मागं सरकले. पोलिसांचा विषय पुन्हा निघाला नाही. सांडू मात्र निंबाच्या आडून बाहेर आला आणि गुडघ्यावर बसून बुडाचा मसाला थापीनं दाबायला लागला. न सांगता.

पावणेपाच झाले होते.

"शुभहस्त तर भिंतीकडं गेले," पारूबाई म्हणाली. "आता दोरी कोण ओढणार? असं करा. तिच्या हातावर जे जन्मले, त्यांनी धरा."

गर्दीतून म्हातारी माणसं पुढं यायला लागली. एक, दोन, सात, बारा. मीही गेलो, माझी नाळ तिनंच कापली होती. माझं रडणं तेव्हा दौलताबादच्या किल्ल्यावर ऐकू गेलं होतं, असं माझी आई सांगायची. मला हे उगाच येत नाही.

ट्रॅक्टरजवळ नानासाहेब उभेच होते.

"या की नानासाहेब," पारूबाई म्हणाली.

"मी नुसता बघायला आलोय."

"तुम्ही जगात पयलं माणूस बघितलं, ते तिलाच बघितलं. आता तोंड कुठं फिरवताय?"

सगळा चौक त्यांच्याकडं बघत होता. ते हळूहळू आले, आणि दोरी कोणत्या सुताची आहे ते तपासावं तसं तिचं शेवटचं टोक चिमटीत धरलं. आम्ही ओढली तेव्हा चिमूट सुटली नाही, एवढं मी शेजारून बघितलं.

कापड पडलं. मशीननं कोरलेली धारदार अक्षरं नव्हती. पाट्यावर टाकीच्या खळ्या असतात ना, तशा खळ्याखळ्यांनी, एका अक्षरात पाच हात, एक खोल एक उथळ, असं लिहिलेलं होतं:

आवडाबाई. सुईण.

खाली आणखी एक ओळ सुरू केली होती, 'पुढच्या दारानं', आणि वेळ संपला म्हणून तिथंच थांबली होती. पारूबाई म्हणाली, बाकीचं रोज थोडं थोडं टाकू. आचारसंहितेत अनावरण बंद असतं, टाकी लावायला बंदी नसती.

करुणानं माझ्या खिळ्यावरचा हार काढून दगडाला घातला. नानासाहेबांचा पत्रा ट्रॉलीत परत गेला. पुढं त्यांच्या गोठ्याचं छप्पर गळत होतं तिथं तो बसला, असं म्हणतात. मी बघायला गेलो नाही. मागच्या दारानं जावं लागतं.

आता चौकात नवं माणूस आलं की मी त्याला सांगतो, बाजेवर गोधड्यांखाली काय आहे ते मला पहिल्यापासून ठाऊक होतं, म्हणूनच मी खांदा दिला. यावर विश्वास ठेवणारं या वस्तीत अजून कुणी भेटलं नाही. बाया धरून मोजलं तरी.